पोचवायला त्यांनीच यायचं

६ एप्रिल, रविवार

आजपासून रोजनिशी. एका पतसंस्थेसाठी छापलेल्या डायऱ्यांपैकी ही उरली होती. मुखपृष्ठावर चेअरमनचा फोटो जरा तिरका आलाय म्हणून त्यांनी परत केली. चूक माझी नाही, मशीनची.

लिहायचं कारण, घरात शांतता आहे. अनुजा माहेरी गेलीय, राधानगरीला. विश्रांतीसाठी. तिचा भाऊ विजयसिंह जीप घेऊन मुराळी म्हणून आला आणि घेऊन गेला. जाताना मी त्याला बजावलं, चार दिवस ठेवा आणि आणून सोडा. तो म्हणाला, बघू. म्हणजे व्हय.

आई म्हणते, आणायला तू जा. आईला रीत कळत नाही. न्यायला ते आले होते, म्हणजे पोचवायलाही त्यांनीच यायचं. आता मी न्यायला गेलो तर तिकडं अर्थ काय निघणार? की चूक माझी हाय. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि आता जावयानं मान खाली घालून सासरच्या दारात उभं राहायचं? रीत म्हणजे रीत.

संकल्प: फोन आपण करायचा नाही. त्यांचा आला तर पहिल्या रिंगला उचलायचा नाही. उद्यापासून पहाटे रंकाळ्याला फेरी. दुकानाच्या ड्रॉवरमधलं ते प्रूफ टाकून द्यायचं.

७ एप्रिल

उठलो नाही. आईनं उठवलं नाही. फेरी सोमवारपासून. (आज सोमवारच होता. उशिरा कळलं.)

९ एप्रिल, बुधवार

गिऱ्हाईक नाही. लोक आता मोबाईलवरच पत्रिका धाडतात, मागं गाणं लावून. पण ज्ञान कुठं जात नाही. सतरा वर्षं लग्नपत्रिका छापतोय. जोड्यांचा एवढा अभ्यास पेठेत दुसऱ्या कुणाचा नसेल.

मखमली कार्ड, वर सोनेरी गणपती पाहिजेच म्हणणारे, हा 'थाट' प्रकार. लग्नापर्यंत प्रेम, पुढं कार्ड माळ्यावर आणि माणसं कोर्टात. दोघांच्या आया दुकानात येतात, पोरगा-पोरगी बाहेर गाडीवर बसून आपापल्या मोबाईलमध्ये बघतात, हा 'पसंती' प्रकार. लई टिकाऊ. एकमेकांकडं बघतच नाहीत तर भांडणार कशावरून? पोरगी स्वतः मजकूर वाचून चुका काढते, हा 'अवघड' प्रकार. अनुजानं आमच्या पत्रिकेत चार चुका काढल्या होत्या. मी एक दुरुस्त केली.

हे ज्ञान वाया जातंय. रील करावीत.

१३ एप्रिल, रविवार

चॅनेल काढलं. 'नातं आणि धैर्यशील'. पत्रिकांच्या नमुन्यांच्या गठ्ठ्याला मोबाईल टेकवला आणि सुरू. पहिला विषय: बायको माहेरी गेल्यावर खऱ्या पुरुषानं काय करावं? उत्तर: वाट बघू नये, वाट बघायला लावावी.

बघणारे अकरा. त्यातले पाच मीच, चालू झालंय का ते बघताना. पण एक लाइक आला! गुलाबाचा फोटो असलेलं अकाउंट. नाव खोटं, 'हॅपी लाइफ टू'. ही अनुजाच. तिला गुलाब आवडतात. (जाई आवडते बहुतेक. पण फूल ते फूल.)

तिला व्हॉट्सअॅपवर मी पाठवलेले सुविचार एका टिकवरच थांबलेत. डीपीसुद्धा दिसत नाही. राधानगरीला रेंज नसते. धरण, जंगल, सगळं मध्ये येतं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज आणून सोडणार अशी खात्री होती. दारात गाडी थांबली की लगेच उठायचं नाही म्हणून सकाळपासून खुर्चीत पेपर घेऊन बसलो. एक जीप थांबली. शेजारची शालूबाई गॅस सिलिंडर आणवत होती.

दुपारी दुकानात एक नवीन प्रकार आला. पोरगं आदर्श, सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्यांच्या घरी बुद्धवंदनेनं लग्नं लागतात. पोरगी तेजस्वी, गगनबावड्याकडच्या शेतकरी घरातली, इथं शाळेवर शिक्षिका. पत्रिकेत निमंत्रक म्हणून दोघांचीच नावं. मी म्हणालो, एखादा मामा तरी टाका, बरं दिसतं. तेजस्वी म्हणाली, आमच्याकडचं कुणी येणार न्हाय, दादा. अगदी सहज म्हणाली. आदर्शनं तिची पर्स धरली होती, ती मजकूर वाचून चुका काढत होती. तो शेजारी उभा राहून हसत होता. बायको चुका काढतेय आणि हा हसतोय!

त्यांना मोफत सल्ला दिला, की माणसं पाठीशी नसली तर संसार उभा राहत नाही. दोघांनी चहा पिऊन ऐकून घेतलं. हा 'हट्ट' प्रकार. दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. यावर रील केलं. लाइक एक. गुलाब.

१७ मे, शनिवार

आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा सत्कार. बॅनर मी छापले. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, धैर्यशील नसता तर फायनलला गुलाल कुणी आणला असता? टाळ्या.

खरंच आहे. मार्चमधल्या त्या फायनलला गुलालाचं पोतं माझ्याकडं होतं. जबाबदारीचं काम. म्हणून मोबाईल बॅगेत होता आणि बॅग गाडीच्या डिकीत. अनुजाला सहावा लागला होता. दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि आई देवळात. शालूबाईनं रिक्षातनं तिला दवाखान्यात नेलं. तिनं फोन केले, आईनं केले, विजयसिंहानं केले. मला दिसणार कसे? मॅच टायब्रेकरवर गेली होती. नंतर मिरवणूक. पोतं सोडून कसं जायचं?

संध्याकाळी पोचलो. तोपर्यंत सगळं आटपलं होतं. अंगावर डोक्यापासून गुलाल, नर्स आत सोडेना. तरी गेलोच. अनुजानं माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, जिंकलासा?

मी म्हणालो, व्हय, टायब्रेकरवर.

अशा वेळीही नवऱ्याच्या आनंदाची चौकशी. याला म्हणतात बायको. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं, थकली होती. मी घरी जाऊन आंघोळ केली. गुलाल निघायला फार वेळ लागतो.

असो. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. पुन्हा विषय काढायचा नाही असं मी तेव्हाच ठरवलं. विषय काढला की जखम ओली होते. या माझ्या समंजसपणावर एक रील होईल.

१८ मे

प्रूफ अजून ड्रॉवरमध्येच. कसलं ते लिहून ठेवतो, म्हणजे टाकून देणं सोपं जाईल. बारशाचं कार्ड आहे. फेब्रुवारीत हौसेनं कंपोज केलं होतं. 'आमच्या घरी पुत्ररत्न प्राप्त झाले असून', पुढं नावाला जागा कोरी. आई चिडली होती, पोटातल्याचं पाळण्यात घालू नगं म्हणाली. अनुजानं वाचून विचारलं, पोरगी झाली तर? मी म्हणालो, मग दुरुस्त करू की, मॅटर कॉम्प्युटरमध्येच आहे.

जाडसर चांगला कागद आहे. मागची बाजू हिशेबाला वापरता येईल. उद्या बघू.

१० जून, मंगळवार, वटपौर्णिमा

आज मी निर्धास्त. भांडण असो, अबोला असो, आजच्या दिवशी बायको वडाला सात फेऱ्या मारतेच. म्हणजे राधानगरीच्या कुठल्यातरी वडाला आज माझ्या नावानं दोरा गुंडाळला गेलाय. कागदोपत्री पुढचे सात जन्म नक्की. हा एक जन्म तेवढा अडलाय.

शेजारची शालूबाई मात्र सकाळी नवऱ्याला शिव्या घालतच वडाला गेली. नवरा ज्ञानू, तालमीतला जुना पैलवान. अर्धांगवायू होऊन किती वर्षं खाटेवर आहे. शालूबाई त्याला भरवताना म्हणते, गिळ मुडद्या, माझ्या जिवाला घोर लावलायस. पुसताना म्हणते, वळ की भाड्या, माझी कंबर मोडली. सगळी गल्ली ऐकते. हा 'कटकट' प्रकार. प्रेम शून्य. सवय म्हणून चाललंय. रीलचा विषय: जोडीदाराशी कसं बोलू नये. बघणारे एकोणीस. लाइक एक. गुलाब.

आई म्हणाली, तू अनुजाशी कसं बोलतोस ते तरी ऐकू दे की. मी म्हणालो, मी बोलतच नाही. आई म्हणाली, व्हय, त्येच.

२० जुलै, रविवार

आज डोक्यात एकदम प्रकाश पडला. नागपंचमी आली. पंचमीला बाई माहेरी जाते. आता, माहेरी जायचं तर आधी सासरी असावं लागतं. म्हणजे पंचमीच्या आत विजयसिंह तिला इथं आणून सोडणार, आणि मग मुराळी होऊन पुन्हा न्यायला येणार. रीतीनुसार दुसरा मार्गच नाही!

आईला समजावून सांगितलं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आली नाही. ती तिथंच असल्यामुळं जायची गरज पडली नसावी. हे लक्षात आलं नव्हतं.

२ ऑगस्ट, शनिवार

आई म्हणाली, मी जाऊन बघतो. मी म्हणालो, तू गेलीस तरी तो मी गेल्यासारखाच अर्थ होतो. आई म्हणाली, आरं तुझ्या अर्थाला लावू का काडी. पिशवी भरली आणि एसटीनं गेली.

मनातून बरं वाटलं. आता आई तिला घेऊन येईल, आणि मी कुणाला न सांगता आईवर रागावेन.

३ ऑगस्ट

खिचडी करून बघितली. हॉटेलातनं मागवली.

७ ऑगस्ट, गुरुवार

आई आली. एकटीच. चार दिवस ऱ्हायली तिकडं!

मी पेपरातनं डोकं न काढता विचारलं, काय म्हणतात? आई म्हणाली, बरी हाय. आता रातच्याला झोप लागती तिला. गावातल्या दूध संस्थेत कामाला लागलीया. मला चार दिवस हातानं केस इंचरून दिलं.

झोप लागते हे आईला दाखवायला म्हणत असणार. नवऱ्यावाचून कुठल्या बाईला झोप लागते? आणि काम म्हणजे वेळ घालवणं. माझ्याबद्दल काय विचारलं म्हणून मी तीनदा विचारलं. आई म्हणाली, काय न्हाय. म्हणजे सांगण्यासारखं पुष्कळ असणार.

११ ऑगस्ट, सोमवार

तो 'हट्ट' प्रकार आला, आदर्श. व्हिजिटिंग कार्डं न्यायला. चहा घे म्हणालो तर थांबेना. तेजस्वीला ताप आलाय, दुपारची ड्युटी बदलून घेतलीय म्हणाला. साध्या तापाला! मी म्हणालो, आरं, बायकांचं आजारपण बायकाच बघतात, पुरुषानं मध्ये येऊ नये. तो म्हणाला, दादा, घरात आम्ही दोघंच की.

गेला तेव्हा पेज घेतली होती हॉटेलातनं, पिशवीत. यावर रील करायचं होतं. केलं नाही. लाइट गेली होती.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

बाबा गेल्यापासून गौर आणायला अनुजाच असायची. आता घरात सवाष्ण नाही. म्हणून काल गौर आणायला शालूबाईला बोलावलं. पावलं काढताना ती उंबऱ्यातच थांबली आणि आईला म्हणाली, पोर असती तर आता दीड-दोन महिन्यांची झाली असती. आईनं तिचा हात धरला. दोघी रडायला लागल्या. सणासुदीला!

मी फोटो काढून स्टेटसला टाकला. गौरीचा. 'परंपरा जपणारं घर'.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ज्ञानू पैलवान गेला. दुपारी, भात खाताना. शालूबाई भरवत होती. शिव्या मधेच थांबल्या म्हणून आई धावत गेली.

मी पंचगंगेवर जाऊन आलो. आल्यावर शालूबाईपाशी बसलो, चार शब्द सांगितले. सुटला बिचारा, तुम्हीही सुटलात. ती माझ्याकडं बघून म्हणाली, त्यो पडला तवा मी हुतो. रोज हुतो. तुझी बायको पडली तवा बी मीच हुतो. तू कुठं हुतास रं?

सगळी गल्ली बसली होती. दुःखात माणसाला काय बोलतोय ते कळत नाही. मी मोठ्या मनानं सोडून दिलं. घरी आलो.

जेवलो नाही. पित्त असेल.

२० सप्टेंबर

गल्ली लई शांत आहे. सकाळी कुणी कुणाला मुडद्या म्हणालं नाही. सारखं खिडकीकडं लक्ष जातंय.

'कटकट' प्रकाराबद्दल लिहिलेलं पुन्हा तपासायला हवं. सवड मिळाली की.

५ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट घडली.

आई जेवायला वाढत होती, मोबाईल ओट्यावर. मी सकाळचं रील चुलीपाशी बसूनच टाकलं. विषय, दुरावा म्हणजे प्रेमाची परीक्षा. टाकल्याबरोबर ओट्यावर टिंग. आईनं हात पुसले, मोबाईल उचलला, चष्मा लावला आणि बोटानं दाबलं. इकडं माझ्याकडं लाइक आला. गुलाब.

मी म्हणालो, आई, हे काय? ती म्हणाली, गल्लीतल्या एका पोरीनं शिकवलं. तू पैलं टाकलंस त्याच दिशी. कुणीच दाबत न्हवतं, म्हणून मी दाबतो. तुला बरं वाटतं न्हवं?

मी विचारलं, पहिल्यापासून? आई म्हणाली, व्हय, पैल्यापास्नं. समदं दाबलं.

म्हणजे गुलाब कुणीच नव्हतं. म्हणजे होतं, पण आई होती.

भात संपवला. दोनदा घेतला. आईला वाईट वाटू नये.

१९ ऑक्टोबर, रविवार

विचार पक्का. पाडव्याला जायचं. हे न्यायला जाणं नव्हे. पाडव्याला जावई गेला तर तो सणाला गेला असं होतं. मान राहतो. बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा ताटात साडी घालतो, आणि ओवाळणी घेतलेली बाई नवऱ्याबरोबर निघते. यात भांडणाला जागाच कुठं आहे?

साडी घेतली, मोरपिशी. तिला कुठला रंग आवडतो ते आईला विचारलं. आई म्हणाली, नऊ वर्षं कुणाची हुती ती?

आईनं न्यायला चिवड्याचा डबा भरून ठेवला आणि म्हणाली, तितं गेल्यावर सांगत बसू नगंस. इचार. काय झालं ते इचार तिला.

काय झालं ते मला माहीत आहे. काय बोलायचं ते तीन पानं लिहून काढलंय.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आत्ताच घरी आलो. लिहून टाकतो.

एसटीनं गेलो. दारात सासूबाई, मीनाबाई, रांगोळी घालत होत्या. त्यांनी पदर सावरला, या म्हणाल्या, पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला नव्हता. मी खुर्चीत बसलो. साडीची पिशवी मांडीवर.

अनुजा संस्थेतनं आली. हाताला दुधाचा वास. अंगानं सुधारलीय. मी उभा राहिलो. जावयानं उभं राहायचं नसतं, पण राहिलो. ती म्हणाली, बसा. आई कशा हायत? गुडघ्याला तेल लावत्यात न्हवं?

मी बोलायला सुरुवात केली. तीन पानं पाठ होती. नात्यांचे प्रकार, मग आपलं नातं कुठल्या प्रकारात बसतं, मग गैरसमज, मग रीत. ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, हे मी ऐकलंय. शालूबाईंकडं पैलवानांच्या तेराव्याला आलतो मी. तुमच्या दुकानावरनं गेलो. तुम्ही मोबाईलसंगट बोलत हुतासा.

म्हणजे ती पेठेत येऊन गेली. आमच्या गल्लीत, आमच्या दारावरनं. आईला माहीत असणार. मला कुणी सांगितलं नाही.

मी म्हणालो, मग आत का आली नाहीस? ती म्हणाली, मॅचचा राग न्हाय माझा. कुणाला ठाऊक असतंय कधी काय हुईल. पर त्येच्यानंतर तुम्ही एकदा बी इचारलं न्हाईसा. म्हयना ऱ्हायलो घरात. एकदा बी न्हाय. पोरगी हुती.

मी म्हणालो, कोण?

मग कळलं.

सासूबाई आत गेल्या. मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. अनुजा म्हणाली, समद्यास्नी ठाऊक हाय. शालूबाईनं हातात घेतलीती तिला. आईंनी आन् विजूदादानं माती दिली. तुम्ही गुलाल धुवायला गेलतासा.

आवाज चढवला नाही तिनं. रडलीही नाही. रडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

मी पिशवी पुढं केली. तिनं साडी काढून बघितली, घडी नीट घातली आणि परत दिली. म्हणाली, आईंना द्या. मी येणार न्हाय. नंतर म्हणाली, जेवून जावा, सणाचं उपाशी जाऊ नगासा.

जेवलो. दोन करंज्या. तिनंच वाढल्या. करंजी चांगली होती, मी तसं सांगितलं. एवढंच सुचलं.

निघालो तेव्हा विजयसिंह मोटरसायकल काढून उभा होता. म्हणाला, चला, पोचवतो. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली होती. त्यानं मला खिडकीची जागा धरून दिली, चिवड्याचा मोकळा डबा हातात दिला, आणि गाडी सुटेपर्यंत थांबला. खरा मुराळी. मला पोचवायला आलेला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

दुकान उघडलं. प्रूफ काढलं. मागं हिशेब केले होते दोन-तीन. पुढच्या बाजूला 'पुत्ररत्न' खोडून पेनानं 'कन्यारत्न' लिहिलं. नावाची जागा कोरीच आहे. तिनं मनात काही नाव ठेवलं होतं का, तेही विचारायचं राहिलं.

टाकून दिलं नाही.

शालूबाईच्या दारात थोडा वेळ बसलो. शेवटी म्हणालो, कशी हुती? ती म्हणाली, तुझ्या आईवर गेलती. एवढीच हुती. तिनं हातानं दाखवलं.

संध्याकाळी आई मोबाईल आणि चष्मा घेऊन ओट्यापाशी बसून होती. म्हणाली, आज काय टाकलं न्हाईस? दाबायचं ऱ्हायलंय.

म्हणालो, आज काय न्हाय.